हात लावायचा नाही

गार्गीचा हा तिसरा प्रयत्न, आणि शेवटचा. तसं आमचं घरी, पार्ल्यात, ठरलं होतं. चाळिशी उलटलेल्या माझ्या बायकोला इलेक्ट्रिक हायड्रोफॉइलवर उभं राहून एका दिवसात सर्वांत जास्त अंतर कापायचं होतं. ही बॅटरीवर चालणारी फळी. खाली पंख असतो आणि वेग आला की तो फळीला पाण्याच्या वर उचलून धरतो. लोकांच्या बायका भिशी लावतात.

पहिल्या खेपेला पंखात जाळं अडकलं, दुसऱ्या खेपेला बॅटरीनं दगा दिला. आता सकाळपासून खारदांडा ते मढ आणि परत, अशा फेऱ्या चालू होत्या. मागे रतनकाकांच्या होडीत आम्ही. रतनकाका दांड्याचे कोळी. निरीक्षक म्हणून गंधाली कॅमेरा घेऊन बसली होती. तिनं निघतानाच बजावलं होतं, बॅटरी गार्गीनंच बदलायची, होडीला टेकायचं नाही, तिला कुणी हात लावायचा नाही. लावला की विक्रम बाद.

रतनकाकांनी मान डोलावली. मला माझाच भरवसा नव्हता, म्हणून मी हात मांडीखाली दाबून बसलो.

दुपारनंतर गार्गीचे ओठ खाऱ्या पाण्यानं फुटले, ती फळीवर वाकून उभी राहायला लागली. मला उन्हाचा, डिझेलच्या वासाचा, सगळ्याचाच वैताग आला होता.

शेवटच्या फेरीत दांड्याच्या होड्या दिसायला लागल्या. जुन्या विक्रमाचा आकडा अगदी हाताशी आला होता, आणि ती पडली. पडलेलं चालतं, पण पुन्हा स्वतः चढायचं. ती चढली, घसरली. पुन्हा चढली, घसरली. मग तिनं प्रयत्नच केला नाही. नुसतं तोंड वर करून होडीकडे पाहिलं.

रतनकाकांनी वाकून तिचं मनगट धरलं.

गंधालीनं कॅमेरा बंद केला. तेव्हा कुठे काकांना कळलं. दांड्यात पाण्यातल्या माणसाला आधी हात देतात, बाकीचं मागाहून. तो हात त्यांना न विचारता गेला होता. त्यांचा चेहरा पडला. "वाट लावली गं पोरी मी," म्हणत ते हात सोडायला लागले.

"सोडू नका, काका," गार्गी म्हणाली.

काकांनी आणि गंधालीनं तिला वर ओढलं. माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या. ते मांडीखालून काढेपर्यंत ती होडीत आली होती. मी टॉवेल दिला, थोडक्यात हुकलं असं काहीतरी बोललो. ती जाळ्यांच्या ढिगाला टेकून पडून राहिली.

"देवव्रत," ती म्हणाली, "मी तुझ्याकडे बघत होते."

"नियम होता ना."

"हो. तू नीट पाळलास."

तिनं डोळे मिटून घेतले. रागानं म्हणाली असती, तर निदान भांडता तरी आलं असतं.