घडीवरचा माणूस

धाडची एसटी अकराला येते, असं बुलढाण्यात म्हणायची पद्धत होती. प्रत्यक्षात ती कधी साडेअकराला उगवे, कधी बाराला. त्या दिवशी मात्र अन्नपूर्णेला खात्री होती, ही मेली नेमकी आजच वेळेवर येणार. अध्यापिका विद्यालयाच्या व्हरांड्यात ती सकाळपासून फाटकाकडे डोळे लावून उभी होती. त्या गाडीतून जनकाबाई येणार होत्या. आल्या की त्या आपला फोटो मागणार होत्या. आणि फोटो अर्धाच उरला होता.

सगळं सुरू झालं ते हस्तलिखितामुळे. विद्यालयातल्या मुली दरवर्षी हातानं एक मासिक काढत. मजकूर टाकानं लिहायचा, चित्रं काढायची, पानं शिवायची आणि संमेलनाच्या दिवशी टेबलावर मांडायची. प्रत एकच, पण तिच्यावर वर्षाचे गुण. चौसष्ट सालचा अंक संगीताचा ठरला. बाकीच्या मुलींनी कॅलेंडरांवरचे मोठमोठे गवई कापून आणले. मधलं जोडपान अन्नपूर्णेच्या वाट्याला आलं आणि तिनं निवडल्या धाडच्या जनकाबाई.

अन्नपूर्णा उंद्रीची. वांगी-मेथी पिकवणाऱ्या घरातली. लहानपणी गावच्या बाजाराच्या मैदानावर तिनं जनकाबाईंचा जलसा ऐकला होता. बाई गात आणि त्यांचे यजमान कचरू पेटी वाजवत. कचरू वारले त्याला आता अकरा वर्षं झाली होती आणि त्या दिवसापासून बाईंनी एक ओळही गायली नव्हती. असल्या बाईवर पान करायचं, याचा अन्नपूर्णेला फार अभिमान वाटला. अभिमानानं माणूस आंधळा होतो हे तिला तेव्हा कुठून कळणार?

माहिती घ्यायला ती धाडला गेली, तेव्हा जनकाबाईंनी बुद्धाच्या तसबिरीखाली टांगलेला फोटो स्वतः काढून दिला. जत्रेतल्या फोटोवाल्यानं रंगवलेल्या पडद्यापुढे घेतलेला. उजवीकडे बाई उभ्या, डावीकडे कचरू पेटीवर बोटं ठेवून बसलेले. बाईंनी तो पदरानं पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"एकच हाये हा. त्याहिचा दुसरा नाही," त्या म्हणाल्या. "कवा आणून देशील ते तोंडानं सांग."

"संमेलनाच्या दिवशी, मावशी. तुमीच या. तुमच्याच हातात देतो."

आता तो दिवस उजाडला होता.

चित्रकलेचे वामनराव गुरुजी मासिकाचं काम बघत. माणूस भला, पण घडीच्या बाबतीत एककल्ली. "घडीवर चेहरा ठेवू नका," हे त्यांचं पालुपद. जोडपान मधोमध दुमडतं, तिथूनच टाके जातात, आणि तिथं ठेवलेला माणूस पानांत गडप होतो. अन्नपूर्णेनं आठ दिवस खपून कच्चा आराखडा केला होता. भिंग लावून फोटो पाहिला, मापं घेतली. डाव्या पानावर मजकूर, उजव्या पानावर बाई. आणि कचरू नेमके घडीवर.

"हा पेटीवाला घडीत जातोय," गुरुजी म्हणाले. "नाकावरून टाके जातील. याचं काहीतरी कर."

काहीतरी कर म्हणजे काप, हा अर्थ तिचा तिनंच काढला. पडद्याच्या चुणीवरून तिनं ब्लेड असं सफाईनं फिरवलं, की नंतर मागून पट्टी लावली असती तर सांधा दिसलाही नसता. बाईंचा अर्धा भाग कागदी कोपऱ्यांत बसवला आणि कचरूंचा अर्धा भाग वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवला. गुरुजींना पान फार आवडलं. "आता कसं मोकळं झालं," ते म्हणाले.

परवा दुपारी खळ संपली. विद्यालयात खळ घरचीच, मैद्याची, वाळवी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून शेगडीवर शिजवायची. कोळसे विझत आले होते. शिवणकाम थांबलेलं, मुली ओरडत होत्या. अन्नपूर्णेनं टेबलावरची कात्रणं, चिंध्या, वर्तमानपत्र असं जे हाताला लागलं ते कवळून शेगडीत कोंबलं आणि फुंकर मारली. रद्दी भडकली. तिच्यातून काहीतरी जाड, वळत वळत वर आलं, आणि पेटीवर ठेवलेली बोटं दिसली.

तिनं हात घातला. बोटं भाजली, पण हाती आला तो फक्त पडद्याचा करपलेला कोपरा.

दोन दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. बोटाला फडकं बांधलं आणि विचारणाऱ्याला खळ उडाली म्हणून सांगितलं. उंदरानं कुरतडला म्हणावं का? चोरीला गेला म्हणावं? सगळ्या थापा तिनं मनात उलट्यासुलट्या करून पाहिल्या. गुणांचं तिला काही वाटत नव्हतं. तिला भीती होती ती बाईंच्या चेहऱ्याची. गाणारीला पानावर बसवली आणि तिच्या माणसाला चुलीत घातला, असं धाडमध्ये म्हणतील. आणि त्यात खोटं तरी काय होतं?

एसटी खरंच वेळेवर आली. धुवट पांढरं लुगडं नेसलेल्या जनकाबाई फाटकातून आत आल्या आणि अन्नपूर्णा दोन पावलं मागे सरली. गुरुजींनीच पुढे होऊन त्यांना टेबलापाशी खुर्ची दिली आणि जोडपान उघडून दाखवलं. बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी स्वतःच्या फोटोवरून बोट फिरवलं, मग ते डावीकडे नेलं. तिथं नुसती अक्षरं होती.

"आन हे कुठी गेले?"

गुरुजींनी अन्नपूर्णेकडे पाहिलं. ते कौतुकानं हसत होते, कारण त्यांना काहीच माहीत नव्हतं. उंदीर ओठांवर आला होता. पण बाईंनी मान वर करून सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि उंदीर काही बाहेर पडेना.

"जळाले, मावशी," ती म्हणाली. "म्याच कापले, अन् म्याच चुलीत घातले. चुकून, पण म्याच."

गुरुजींचं हसू मावळलं. जनकाबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर तोंडाशी धरला. त्यापेक्षा त्यांनी चार थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अन्नपूर्णेला वाटलं.

"मी काढून देतो," ती घाईघाईनं म्हणाली. तिनं कोरा कागद ओढला, पेन्सिल घेतली. "तुमी सांगा फक्त. नाक कसं होतं त्याहिचं?"

"नाक..." जनकाबाईंनी डोळे मिटले. "नाक सरळ..." त्या थांबल्या. "कपाळ..." पुन्हा थांबल्या. त्यांनी डोळे उघडले, तेव्हा दोन दिवस अन्नपूर्णेच्या पोटात होती तीच भीती त्यांच्या डोळ्यांत होती.

"पोरी, मले तं फोटोच दिसे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रोज सकाळी उठलं का त्यालेच पाहो. माणूस डोळ्यातून कवा गेला, समजलंच नाही. आन आता तो फोटो बी नाही दिसून राह्यला."

अन्नपूर्णेच्या हातातली पेन्सिल कागदाला टेकेना. आपण फोटो जाळला एवढंच तिला वाटत होतं. या बाईजवळ नवरा म्हणून तेवढंच उरलं होतं, हे तिला आत्ता कळलं आणि ती मुळापासून हादरली.

जनकाबाईंनी तिचं फडकं बांधलेलं बोट घट्ट धरलं. ते दुखलं, पण तिनं हात सोडवून घेतला नाही.

"तू किती दिस पाह्यलं त्याहिले?"

"आठ."

"नीट पाह्यलं?"

"भिंग लावून, मावशी."

"मंग तूच सांग मले. कसे होते?"

अन्नपूर्णेनं डोळे मिटले. मापं आठवली, मग सावल्या, मग भिंगाखालचा तो एक ठिपका. "डाव्या भुवईत खाच होती," ती म्हणाली. "बारीक. केस नव्हते तिथं."

"हाव," जनकाबाई पुटपुटल्या. "हाव, होती. लहानपणी बाभळीवरून पडले होते." आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "काढ."

अन्नपूर्णा इतकी कधीच भ्याली नव्हती. आता ती काढेल तेच कचरू होणार होते, आणि चुकलं तर चूक सांगणारं जगात कुणी नव्हतं. तिनं पेन्सिल टेकवली.

"हळू काढ," जनकाबाई म्हणाल्या. "माही गाडी चारची हाये. आन मधात काढ त्याहिले."

तिनं कागद सरळ केला आणि बरोबर मधोमध भुवई काढायला घेतली.