हाताशी राखलेलं कॉलेज

अमेरिकेतल्या टोलेडो गावात रोमन पावलाकच्या बेकरीतून त्या मार्चमध्ये नुसता पाव घेऊन बाहेर पडणं कुणालाच जमत नव्हतं. पाव कागदात गुंडाळून होईपर्यंत गिऱ्हाइकाला इरेनाचं कौतुक ऐकावं लागे, आणि गुंडाळायचं काम रोमन मुद्दाम सावकाश करी. त्याच्या एकुलत्या एका लेकीला हॅलोवेलने घेतलं होतं. पूर्वेकडचं ते जुनं, बड्या लोकांचं कॉलेज. त्याचं नाव घेताना लोकांचा आवाज आपसूक खाली यायचा, रोमनचा मात्र वर जायचा.

कॉलेजच्या रंगाचे केक त्या गावात मे महिन्यात होतात. एक तारखेला पोरं आपापल्या कॉलेजचा शर्ट घालून शाळेत जातात, सगळं पक्कं होतं आणि मग आईबाप केक सांगायला येतात. रोमनला एवढा धीर कुठला. त्याने हॅलोवेलचा निळा केक करून थेट काचेत मांडला. डॉटी, म्हणजे त्याची बायको, गल्ल्यावरून म्हणाली, की पोरीने अजून त्यांना होकार कळवलेला नाही. रोमनने ते कानाआड केलं. हॅलोवेलला नाही म्हणणारं माणूस त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

ते त्याने त्याच आठवड्यात पाहिलं, तेही स्वतःच्या भटारखान्यात. इरेना ट्रे घासत होती. घासता घासताच म्हणाली, "डॅड, मला मार्बल पॉइंटला जायचंय."

रोमनला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मार्बल पॉइंट म्हणजे तासाभराच्या अंतरावर, ईरी सरोवराच्या काठी, विटांच्या चार इमारती आणि होड्या लागायचा एक धक्का. शाळेतल्या सल्लागार हॅनिगनबाई पोरांना शिकवत, की थोडी कॉलेजं आवाक्याबाहेरची निवडा, थोडी जमण्याजोगी, आणि एखादं असं ठेवा की जे तुम्हाला डोळे मिटून घेईल. या शेवटच्याला सगळे सेफ्टी म्हणत. सेफ्टीला अर्ज टाकायचा आणि विसरून जायचं, अशीच रीत होती.

"ते तुझं सेफ्टी आहे," रोमन म्हणाला. "बाकी कुणी दारात उभं केलं नाही तर जायची जागा. तुला तर हॅलोवेल हात धरून आत बोलावतंय."

इरेनाने मग सगळं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये मावशीकडून येताना आईने वाटेत तिथे गाडी थांबवली होती. कचेरीत न जाता दोघी नुसत्याच धक्क्यावर फिरल्या. तिथल्या एका प्राध्यापिकेने इरेनाला रबरी बूट दिले आणि म्हणाली, उभी काय राहतेस, चल. होडीतून गेल्या, जाळं ओढलं, आणि जाळ्यात इरेनाएवढा लांब स्टर्जन मासा आला. त्याला खूण लावून परत पाण्यात सोडेपर्यंत तो इरेनाच्या हातात होता. मार्बल पॉइंटला पहिल्या वर्षापासून पोरं होडीवर जातात. हॅलोवेलला दोन वर्षं मासे पुस्तकातच पाहायचे.

"माशासाठी हॅलोवेलवर पाणी सोडणार?" रोमन ओरडला.

"हो," इरेना म्हणाली.

रोमनने अबोला धरला. बेकरीतला अबोला फार अवघड असतो. एकाच टेबलावर दोघं पोंचकी, म्हणजे मुरंब्याचे पोलिश डोनट, भरणार, एकाच वाडग्यातला आलुबुखाऱ्याचा मुरंबा घेणार आणि बोलणार मात्र डॉटीमार्फत. रोमन डॉटीला सांगे, की तुझ्या लेकीला म्हणावं मुरंबा कमी घाल. इरेना आईला सांगे, की तुझ्या नवऱ्याला म्हणावं बरं. डॉटीने दोन दिवस निरोप पोहोचवले, तिसऱ्या दिवशी दोघांनाही झाडलं आणि भटारखान्यातून निघून गेली.

आणि मग मार्बल पॉइंटचं उत्तर आलं. त्यांनी इरेनाला घेतलं नव्हतं. प्रतीक्षायादीत टाकलं होतं.

खरं तर रोमनच्या मनासारखं झालं होतं. ती संध्याकाळ त्याने शीळ घालत काढली. पण शीळ घालायची सवय इरेनाची, आणि आता ती गप्प होती. सकाळी त्याने पाहिलं, तर पोरगी एकच ट्रे पुन्हा पुन्हा घासत होती आणि तिचे डोळे सुजले होते. लहानपणीसुद्धा ही पोरगी रडायची नाही, आदळआपट करायची. तिच्याकडे बघता बघताच रोमनचा पारा चढला. ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, ते त्याच्या लेकीला ताटकळत ठेवतात म्हणजे काय?

तो एप्रन न काढताच शाळेत गेला. हॅनिगनबाईंना असल्या बापांची सवय होती. त्यांनी शांतपणे सांगितलं, की यात इरेनाच्या हुशारीत काही कमी नाही, उलट हुशारीच नडली. अशी पोरं सेफ्टीला अर्ज करतात, ते बिचारे जागा राखतात, आणि पोरं शेवटी हॅलोवेलसारख्यांकडे पळतात. दरवर्षी तोंडघशी पडून मार्बल पॉइंटवाले शहाणे झालेत. आपल्याकडे कोण मनापासून येतंय हे ते आता बघतात. इरेना कचेरीत कधी भेटली नव्हती. आणि आमच्याकडेच का, या प्रश्नाला तिने दोन ओळींत उत्तर दिलं होतं.

"दोनच ओळी का लिहिल्या असतील?" बाई म्हणाल्या.

रोमनला ते चांगलं ठाऊक होतं. नाताळच्या सुट्टीत पोरगी त्याच उत्तरावर दिवसभर बसली होती आणि तोच तिला म्हणाला होता, की तिथे कशाला डोकं शिणवतेस, ते डोळे मिटून घेतील, हॅलोवेलचं नीट लिही. हॅलोवेलचं मग त्याने तिच्याकडून इतकं घोटून घेतलं, की त्यालाच ते पाठ झालं होतं.

त्याला स्वतःची लाज वाटली. घरी येऊन त्याने पोंचकीचा मोठा खोका भरला आणि इरेनाला म्हणाला, "गाडीत बस."

अबोला तेवढ्यावर सुटला. वाटेत इरेनाने दोनदा बजावलं, की आत गेल्यावर बोलायचं ते मी बोलेन. रोमनने दोन्ही वेळा मान हलवली आणि आत शिरताच बोलायला लागला.

प्रवेशाचं काम बघणाऱ्या व्हर्ना ओक्स म्हणून एक ठेंगण्या, करड्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी आधी खोका उघडला, एक पोंचकी घेतली आणि ती खाता खाता रोमनला बोलू दिलं. इरेनासारखी पोर तुम्हाला शोधून सापडणार नाही, हॅलोवेलने तिला घेतलंय, तसल्या कॉलेजला जे दिसतं ते तुम्हाला दिसू नये, वगैरे. बोलताना त्याच्याच ध्यानात आलं, की प्रत्येक वाक्याने आपण लेकीचं दार आणखी लोटून घेतोय. तो मध्येच थांबला.

बाई इरेनाकडे वळल्या. "तू सांग."

इरेनाने माशाचं सांगितलं. ही बापाने पाठ करून घेतलेली वाक्यं नव्हती. मासा हातात असताना त्याचे कल्ले कसे उघडमीट करत होते, सोडल्यावर तो लगेच न जाता क्षणभर तसाच तिच्या बोटांपाशी कसा थांबला, त्याची जात या सरोवरातून संपत आली होती ती आता कशी परततेय. बोलताना तिचे हात आपोआप पुढे आले, तो मासा अजून हातात असावा तसे. रोमन लेकीकडे बघतच राहिला. हॅलोवेलची बातमी आली तेव्हा ती नुसती हसली होती. तेव्हा हा चेहरा नव्हता. आपण एवढे दिवस स्वतःचाच आनंद साजरा करत होतो, हे त्याला तिथे त्या खुर्चीत कळलं.

"हे उत्तरात का नाही लिहिलंस?" ओक्सबाईंनी विचारलं.

"मी नको म्हटलं," रोमन म्हणाला.

बाईंनी बोटांवरची साखर झटकली. "मिस्टर पावलाक, तुमची मुलगी येईल म्हणते आणि माझा विश्वास आहे. पण अशी पोरं मला दरवर्षी भेटतात. एप्रिलच्या शेवटी घरी बाप बसून समजूत काढतो आणि माझी जागा रिकामी राहते. तुम्ही काय करणार?"

हॅलोवेल हे नाव रोमनने कितीदा आणि कुणाकुणापुढे घेतलं होतं, ते सगळे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढून गेले. मग त्याने इरेनाकडे पाहिलं.

"इरा, फोन काढ," तो म्हणाला. "हॅलोवेलला नाही म्हणून कळव. आत्ता, बाईंच्या देखत."

"अहो, थांबा," ओक्सबाई म्हणाल्या. "मी अजून शब्द दिलेला नाही. आमची समिती आहे."

"तुम्ही नका देऊ. आमचा तर घ्या."

इरेनाने बापाकडे पाहिलं, खात्री करून घेतली आणि कळवून टाकलं. मग बापाच्या गळ्यात पडून इतकी रडली, की ओक्सबाईंनी दुसरी पोंचकी उचलून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

पुढचे दिवस रोमनने जीव मुठीत धरून काढले. हातचं सोडलं होतं आणि पळतं अजून पळतच होतं. पाव जळले, मुरंबा दोनदा करपला, पण इरेनाला तो काही बोलला नाही आणि डॉटी त्याला काही बोलली नाही. शेवटी एका शनिवारी दुकान भरलेलं असताना इरेनाचा फोन वाजला. ओक्सबाई स्वतः बोलत होत्या. समितीने होकार दिला होता. इरेना काउंटरवरून उडी मारून पलीकडे गेली आणि ओळीत पहिल्या उभ्या असलेल्या अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारून नाचली.

गडबड शांत झाल्यावर श्रीमती ग्रुडा पुढे सरकल्या. अख्ख्या मोहल्ल्याची खबर त्यांच्याकडे असे. त्यांनी आवाजात दुःख आणून विचारलं, की म्हणजे हॅलोवेलने नाहीच घेतलं का शेवटी.

"त्यांनी घेतलं होतं," रोमन म्हणाला. "हिने त्यांना नाही घेतलं."

"आणि हे मार्बल पॉइंट? तिथे तर म्हणे कुणालाही घेतात."

रोमनने त्यांचा पाव उचलला आणि अगदी सावकाश कागदात गुंडाळायला घेतला.

"कोण म्हणतं?" तो म्हणाला. "फार कडक लोक आहेत. आमच्या इरेनालासुद्धा थांबवलं होतं."