केराची टोपली

"टोपली कुठंय?" डॉक्टरांनी विचारले.

धापा टाकणारे कुत्र्याचे पिल्लू टेबलावर धरून उभे असलेले मास्तर गोंधळले. "कसली टोपली?"

"केराची. तुमच्या घरातली."

"अहो, पिल्लू आजारी आहे, केर नाही."

"पिल्लू बोलत नाही. केर बोलतो."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी केसपेपर लिहिता लिहिताच म्हटले, "घेऊन या. सगळ्यांनाच आणायला लागते."

मास्तर धावत जाऊन टोपली घेऊन आले. तळाशी चॉकलेटचा चावलेला कागद निघाला. चॉकलेट म्हणजे कुत्र्याला विषच; पुढचे सगळे सोपे झाले.

जनावरांच्या त्या दवाखान्यात मी काउंटरवर सव्वीस वर्षे काढली. माघारी लोक त्यांना कचरावाले डॉक्टर म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होते. "माणसं डॉक्टरशी खोटं बोलतात, टोपलीशी नाही," असे ते म्हणायचे. केसपेपरवर त्यांनी एक ओळ मुद्दाम छापून घेतली होती: 'कसे झाले'. ती कोरी ठेवलेली त्यांना खपत नसे. कोणाच्या कुत्र्याने सुई गिळली, कोणाच्या सशाने वायर कुरतडली, सगळे तिथे लिहायचे. एकाचे वाचून दुसरा शहाणा होतो, असा त्यांचा हिशेब.

आमच्या घरी एक बोका होता. ह्यांनी तो आणला आणि हे फिरतीच्या नोकरीवर निघून गेले. मागे उरलो मी, सासूबाई आणि बोका. सासूबाईंनी त्याला सहा वर्षांत नावाने हाक मारली नाही. त्यांच्या तोंडी तो 'मेला'. "मेला माझ्याच खुर्चीवर बसतो." "मेल्याचे केस माझ्याच शालीला." मी कामावर जाताना दोघे एकमेकांकडे पाठ करून बसलेले असायचे.

एका सकाळी बोका पलंगाखालून बाहेर येईना. ओढून काढला तर तोंड सुजलेले, श्वास भराभर चाललेला. मी त्याला पिशवीत घातले, दुसऱ्या हातात टोपली घेतली. सासूबाईंना दोन दिवस ताप होता, तरी त्या चपला घालून दारात उभ्या.

"तुम्ही कशाला येताय, आई? पडून राहा."

"घरी एकटी बसून काय करू?" त्या म्हणाल्या. एरवी एकटे बसायला मिळावे म्हणून मला लवकर कामावर पिटाळणाऱ्या बाई.

डॉक्टरांनी बोक्याचा ओठ वर केला. हिरड्या तपकिरी दिसत होत्या. त्यांनी वर्तमानपत्र पसरून टोपली पालथी केली. चहाचा चोथा, बटाट्याच्या साली, केसांचा गुंता. त्यात काहीच नव्हते. तेवढ्यात त्यांचे लक्ष सासूबाईंच्या शालीकडे गेले.

"ताप आहे?"

"दोन दिवस झाले. गोळ्या चालू आहेत," मीच उत्तर दिले.

"मग गोळ्यांचं रिकामं पाकीट टोपलीत का नाही?"

मी सासूबाईंकडे पाहिले. डॉक्टरांनी पुन्हा विचारले नाही. बोक्याच्या छातीवर हात ठेवून ते शांतपणे म्हणाले, "तापाची गोळी पोटात गेली असेल तर त्यावर औषध आहे. पण ते आत्ता द्यायला हवं. तासाभराने दिलं तर भरवसा नाही."

सासूबाईंनी शालीच्या आतून रुमाल काढला. रुमालात ते रिकामे पाकीट होते.

"अर्धी दिली," त्या पाकिटाकडे बघत म्हणाल्या. "काल संध्याकाळी, दुधातून. सारखा शिंकत होता. माझा ताप उतरतो त्याने, म्हटलं मेल्याचाही उतरेल."

सहा वर्षांत त्यांनी त्याला दूध दिलेले मी पाहिले नव्हते. आता लक्षात आले की कामावर गेल्यावर घरात काय चालते ते मी पाहणार तरी कशी?

डॉक्टर औषध भरू लागले. "आजी, अर्धीच दिलीत हे बरं. आणि आत्ता सांगितलंत हे त्याहून बरं."

नंतर सासूबाई बाकावर बसून राहिल्या. मी दोनदा पाणी नेले, त्यांनी घेतले नाही. शेजारी एक गृहस्थ पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते. पोपट "या, बसा" म्हणाला तेव्हाही सासूबाईंनी मान वळवली नाही. त्या आतल्या दाराकडे बघत होत्या.

चार वाजता आतून फिस्कारल्याचा आवाज आला. डॉक्टर बोटावरचा ओरखडा बघत बाहेर आले.

"शिव्या देतोय. वाचला."

सासूबाईंनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "आता जरा पाणी दे गं."

डॉक्टर त्यांच्याशेजारी टेकले. "माणसाची गोळी मांजराला नाही. अर्धी नाही, पाव नाही. शिंकला तरी इथे आणायचा."

"मग हे भिंतीवर लिहून ठेवायला काय होतं तुम्हाला?"

"लिहिलंय की. समोरच आहे. तुमच्या सुनेच्या अक्षरात."

"तिचं अक्षर कोणाला लागतंय," सासूबाई म्हणाल्या, आणि मला सकाळपासून पहिल्यांदा हसू आले.

केसपेपर माझ्यापुढे होता. 'कसे झाले' या ओळीशी माझे पेन अडले. घरच्या माणसाचे काय लिहायचे? डॉक्टरांनी माझ्या हातून पेन घेतले आणि एकच शब्द लिहिला: काळजीपोटी.

सासूबाईंनी चष्मा लावून तो वाचला. कागदाची घडी घातली आणि रुमालात ठेवली.

त्यानंतर त्या बरीच वर्षे होत्या. बोका शेवटपर्यंत 'मेला'च राहिला. फक्त मी घरी असतानाही आता तो त्यांच्या मांडीवर दिसायचा. आणि गोळ्या संपल्या की त्या उठायच्या, गुडघ्यांवर हात ठेवत स्वयंपाकघरात यायच्या, आणि मला दिसेल असे रिकामे पाकीट टोपलीत टाकायच्या.