छताकडे तोंड करून लिहिणारं पेन

"लेहून झालं का, बाबा?" हनुवटी वर करून रजतने विचारलं. तोंड तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने भरलेलं होतं. हनुवटी खाली केली असती तर ओघळ थेट शर्टावर आला असता.

उताणे पडलेले भगवानराव कागद डोळ्यांसमोर धरून लिहीत होते. 'रज' एवढं उमटलं आणि पुढे नुसते कोरडे ओरखडे. त्यांनी पेन झटकलं, परत टेकवलं. परत ओरखडा. उलट्या पेनात शाई टोकाकडे उतरत नव्हती.

"राहू द्या, मंग लेहा. मार्केटात गाड्या आल्या हायेत," म्हणत रजत बाहेर पडला. जाता जाता खिडकीखाली पच्चकन थुंकला.

रजतच्या बहिणीने, सुरभीने खिडकी ओढून घेतली. पुसदच्या कॉलेजातून रजा काढून ती दारव्ह्याला आली होती. वडिलांच्या गळ्यातल्या नळीतला कफ रोज तीच साफ करायची. पहिल्यांदा तिला ओकारी आली होती, नंतर नाही. या पच्चची मात्र सवय होत नव्हती. खिडकीखालची भिंत कमरेपर्यंत विटकरी झाली होती आणि ऊन तापलं की तंबाखू-सुपारीचा आंबूस वास थेट खाटेपर्यंत यायचा. ज्या खर्ऱ्याने बाप आडवा केला, त्याचाच वास त्याच्या उशाशी.

भगवानरावांनी पेन भिंतीवर फेकून मारलं. ते घरंगळत कपाटाखाली गेलं. आधीचीही तिथेच होती.

बाजार समितीत त्यांनी उभा जन्म मालाच्या लिलावाचा हर्रास पुकारला होता. तुरीच्या ढिगाजवळ उभे राहून ते "एक... दोन..." म्हणायचे तेव्हा व्यापारी हातातला चहा विसरत. तीन म्हटलं की माल गेला. मग कोणी कितीही हातापाया पडो, तीन परत घेतला जात नसे. तोवर मात्र माणसाला बोली फिरवायची मुभा असे. गालात खर्रा असायचाच. नागपूरला कॅन्सरचं ऑपरेशन करून स्वरयंत्र काढलं आणि त्यांची जागा रजतला मिळाली. आवाज बापाचा, गालही बापाचाच.

"खर्रा सोड म्हणून मी सांगू का त्याले?" सुरभीने विचारलं. भगवानरावांनी नाही म्हणून मान हलवली. तिचं सांगून झालं होतं, आणि काय उपयोग झाला तेही त्यांना ठाऊक होतं.

"नाहीतर आताच लेहून ठेवा. तो आला का दाखवू."

त्यांनी खाटेसमोरच्या फरशीकडे बोट केलं. माणूस इथं समोर उभा पाहिजे. गिऱ्हाईक नसताना ते कधी पुकारत नसत.

तिने पेन्सिल आणून दिली होती. ती कशीही धरली तरी चालते. त्यांनी ती उलटसुलट केली, मागच्या रबराला नख लावून पाहिलं आणि परत तिच्या हातात ठेवली. पुसलं जाणारं त्यांना नको होतं.

दुपारी ती परवेजच्या स्टेशनरीच्या दुकानात गेली. बॉलपेन, जेलपेन, शाईपेन, एकेक घेऊन डोक्यावर कागद धरून लिहून पाहू लागली. जेलची शाई मनगटावरून बाहीत उतरली.

"ताई, छताले चिठ्ठी लेहून राह्यल्या का?" परवेज म्हणाला.

तिने सांगितलं. परवेजचं हसू ओसरलं.

"हर्रासवाले काका? आमचे अब्बा म्हणत, भगवानराव ओरडले, चल शटर उघड! मंग त्याइले असा बारीक पेन कायले देता? ज्याचा आवाज मोठा, त्याले अक्षर मोठं पायजे." त्याने खालच्या खणातून पोत्यावर नाव टाकायचा जाड काळा मार्कर काढला. दुसऱ्या हातात खर्ऱ्याची पन्नी होती. तीच चोळत त्याने ओल्या अंगठ्याने मार्कर पुढे सरकवला.

सुरभीने मार्कर घेतला आणि वाटेतच ओढणीने तीनदा पुसला.

भगवानरावांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं धरलं आणि लिहिलं. शाई थांबली नाही. दारात उभ्या सुरभीला तिथूनच वाचता आलं: 'चहात साखर नव्हती.'

ती खूप दिवसांनी हसली.

संध्याकाळी रजत आला. हनुवटी वर. भगवानरावांनी तो खाटेसमोर उभा राहीपर्यंत वाट पाहिली, मग लिहिलं: 'थुकून ये.'

रजत नाकातून हसला. "तुमच्यापासूनच तं शिकलो, बाबा."

सुरभीला वाटलं, आता हा मार्करही भिंतीवर जाणार. भगवानरावांचे डोळे क्षणभर मिटले. मग त्यांनी नवं पान घेतलं. वर लिहिलं: एक. दोन्ही हातांनी पान उचलून धरलं. पान खाली घेतलं, त्याखाली लिहिलं: दोन. परत उचललं.

रजतचं हसू गेलं होतं. मार्करचं टोक तिसऱ्या ओळीवर टेकलं आणि तिथंच थांबलं.

रजत बाहेर गेला. नळ सुटला, खळखळून चूळ भरल्याचा आवाज आला. परत येऊन तो खाटेच्या कडेला बसला. तोंड रिकामं झालं होतं. भगवानरावांनी मार्करला टोपण लावलं.

दिवाळीआधी ते गेले.

तेरवीला मांडवात लोक त्यांच्या आवाजाच्या आठवणी सांगत होते. "काय आवाज होता राजेहो!" गाल फुगलेले. एकेक आठवण सांगून झाली की उठून कनातीमागे जायचं, थुंकून यायचं, दुसरी सांगायची. पत्रावळी उचलणाऱ्या बाईला सुरभी अंग चोरून वाट करून देत उभी होती. तिला त्या सगळ्या तोंडांची किळस आली.

दारात रजत पाहुण्यांना हात जोडत होता. हनुवटी वर.

ती आत गेली. बाबांचं ते पान आणि मार्कर घेऊन आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. दोन्ही हातांनी पान वर धरलं. एक. दोन.

"काय करून राह्यली?" रजत हनुवटी न हलवता पुटपुटला. "लोकं हायेत."

लोक वळसा घालून जाऊ लागले. तिचे खांदे भरून आले. उघडा मार्कर बोटांत होता, टोपण तिने दातांत धरलं होतं. दोनच्या खालची जागा कोरी होती.