डाव्या बाजूचा माणूस

हिलाल पाटलाची उजवी बाजू भक्कम होती आणि डावी पार लंगडी. हे त्याला कुणा डॉक्टरने सांगितलं नव्हतं, कंपनीच्या ॲपने सांगितलं होतं. पारोळ्याजवळच्या एका गावात त्याची पिठाची गिरणी. दिवसभर दळायचं, भुवयांवर पीठ घेऊन घरी यायचं आणि सुखाने झोपायचं, असा साधा माणूस. पण धुळ्याच्या धर्मेंद्र सरांनी त्याला एकदा जळगावच्या एका हॉलमध्ये नेऊन बसवलं, आणि तेव्हापासून हिलालची झोप उडाली.

धर्मेंद्र सर म्हणजे पूर्वी झेरॉक्सचं दुकान चालवणारा पोरगा. आता भर मे महिन्यातही कोट घालायचा. धुळ्याच्या उन्हात म्हशी डबक्यातून निघायला तयार नसतात, आणि हा गडी टाय लावून फिरायचा. त्याने फळ्यावर एक गोल काढला. "हे तुम्ही," तो म्हणाला. मग गोलाखाली दोन फांद्या काढल्या. "ही डावी बाजू, ही उजवी. तुम्ही फक्त दोन माणसं जोडायची. ती आपापली दोन जोडतील. तुम्ही घरी झोपा, पैसा जागा राहील." नऊ हजारांची प्रोटीन पावडर घेतली की माणूस सभासद. डावीकडे एक आणि उजवीकडे एक आला की झाली जोडी, आणि प्रत्येक जोडीमागे कमिशन. खाली कुणीही कुणाला जोडो, वाटा वर चढणारच. खुद्द पावडरीवर सरांनी जेमतेम दोन वाक्यं खर्च केली.

मेख होती ती बारीक अक्षरांत. उजवीकडे पन्नास माणसं असली आणि डावीकडे एकच, तर जोडी एकच धरायची. उरलेली एकोणपन्नास महिनाअखेरीला वाहून जायची. त्याला सर 'फ्लश' म्हणायचे, आणि म्हणताना हसायचे.

हिलालची उजवी बाजू सासरवाडीने भरून टाकली होती. सावद्याचे मेहुणे केळीवाले, हौशी माणसं. बहिणीच्या शब्दाखातर त्यांनी स्वतः पावडर घेतली आणि व्यापाऱ्यांच्याही गळ्यात मारली. डावीकडे मात्र एकच नाव होतं, भिकुबाई. ती हिलालची आई, आणि तिचे पैसेही हिलालनेच भरलेले. दर महिन्याला सावद्याची सगळी माणसं डोळ्यांदेखत वाहून जायची.

गावातली माणसं डावीकडे घ्यावीत म्हणून त्याने मळ्यात भरिताची पार्टी ठेवली. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी थापून घेतल्या. खानदेशातल्या माणसाला भरिताला बोलावलं आणि तो आला नाही, असं कधी घडलेलं नाही. मंडळी आडवा हात मारून जेवली. सरांचं भाषण त्यांनी मान डोलावून ऐकलं. "करूत ना भो, नक्की करूत," असं म्हणत हात धुतले आणि आपापल्या घरी गेली. आपल्याकडे नाही म्हणायची हीच रीत आहे, हे हिलाललाही ठाऊक होतं. पण आशा वेडी असते.

"विचारायचं कोण राहिलं?" सरांनी दात कोरत विचारलं.

"गावात तर कुणी राहिलं नाही, सर."

"नीट आठवा. ज्याचं नाव घ्यायला जीभ वळत नाही, तोच तुमचा हिरा. अहंकार हा कमाईचा शत्रू आहे."

जीभ वळत नव्हती ते नाव दीपकचं. सख्खा चुलतभाऊ, भिंतीला भिंत लागून घर, आणि अकरा वर्षं बोलणं बंद. भांडण पोळ्याचं होतं. तोरणाखालून आधी कुणाची बैलजोडी न्यायची, एवढाच प्रश्न. काठ्या निघाल्या, पोलीस आले, मग वकील आले आणि पोटभर जेवून गेले. आता दोघांकडेही बैल नाहीत. एकाकडे गिरणी आहे, दुसरा शाळेची बस चालवतो. मान मात्र दोघांनी दावणीला बांधून ठेवला होता.

ह्यात हाल झाले ते भिकुबाईचे. दीपक रांगता असताना त्याची आई गेली, तेव्हापासून भिकुबाईनेच त्याला वाढवलं. तो तिला मोठी माय म्हणायचा. अकरा वर्षं ती त्याचा आवाज भिंतीतून ऐकत होती. तो रात्री खोकला की ही इकडे हळद घालून दूध गरम करायची, आणि थोडा वेळ पेला हातात धरून शेवटी स्वतःच पिऊन टाकायची.

"रविवारी दीपकला जेवायला बोलावतोय," हिलाल म्हणाला, तेव्हा म्हातारीच्या हातातलं सूप खाली पडलं.

"येई का तो? खरंच येई?"

कशासाठी बोलावतोय, हे हिलालने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. गुडघे धरून ती माळ्यावरचं मांडे भाजायचं खापर काढायला निघाली. वर्षानुवर्षं तिने पुरणाचे मांडे केले नव्हते. हिलालला क्षणभर स्वतःची लाज वाटली, मग महिनाअखेर आठवली आणि लाज गेली.

दीपक पहिल्याच निरोपाला आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. भिकुबाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि कानाजवळचे पांढरे केस दिसताच ती रडायला लागली. दीपकही रडला. मग पंगत बसली. दीपक अजूनही मांड्याची घडी उलगडून आधी मधलं पुरण खात होता. लहानपणी ह्याच खोडीवरून आपण त्याला मारायचो, हे हिलालला आठवलं. हा माणूस आपल्याला हवा होता, पावडरीच्या आधीपासून हवा होता, असं त्याला आतून वाटलं.

पण डोक्यात फळ्यावरचा गोल होता. आई आत गेल्याचं पाहून त्याने खाटेखालून पावडरीचा डबा काढला. त्याच वेळी दीपकने बॅगेतून डबा काढला. डबे एकच. झाकणावरचा पैलवानही एकच.

"तुले कोन जोडं?" हिलालने विचारलं.

"धर्मेंद्र सरस्नी. आन तुले?"

हिलालने आपला डबा त्याच्या डब्याला लावून ठेवला. नाव घ्यायची गरजच नव्हती. धर्मेंद्रच्या झाडावर दीपक डावीकडे होता आणि हिलाल उजवीकडे. ह्या दोघांनी जन्मभर एकमेकांचं तोंड पाहिलं नसतं, तरी त्याची जोडी केव्हाच जुळलेली होती. एकदा जोडलेला माणूस दुसऱ्याच्या खाली जात नाही, तेव्हा कंपनीच्या हिशेबाने ह्या समेटाची किंमत शून्य. भांडणात वकील जेवला होता. समेटात जेवायला धर्मेंद्र तर आधीपासूनच पानावर बसलेला होता.

"म्हंजे तू माले जोडाले उना?"

"आन तू काय मांडा खावाडाले बलावं व्हतं?"

दोघं उठायच्या बेतात होते, तोच भिकुबाई तुपाची वाटी घेऊन बाहेर आली. तिने दोन डबे पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. "मनाकरता आनं का रे दोन्हीस्नी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "व्हय, मोठी माय," दीपक म्हणाला. "पुढला रईवारले येशी ना?" तिने विचारलं, आणि त्यालाही तो व्हय म्हणाला.

तो खरंच येऊ लागला. भिकुबाई मात्र गप्प बसणारी बाई नव्हती. नळावर, देवळात, गिरणीच्या ओट्यावर ती भेटेल त्याला सांगू लागली, "अकरा वरीस मना दीपक घरमा उना नही. हाई पावडर उनी, आन तो उना." पावडर आली आणि तो आला, ह्यात खोटं काय होतं? सरांच्या कोटाने जे झालं नाही, ते म्हातारीच्या डोळ्यांतल्या पाण्याने झालं. भरीत खाऊन पळालेली माणसं पैसे घेऊन गिरणीवर आली. हिलालची डावी बाजू भरायला लागली, पहिल्यांदाच घसघशीत कमिशन खात्यावर आलं. सरांचा फोन आला, "आईंना जळगावला स्टेजवर आणा! असं मार्केटिंग पैसे देऊन मिळत नाही!" हिलाल खूश झाला. का होऊ नये?

मग एका रविवारी, दीपक जेवत असताना, तानुबाई आली. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी विधवा. तिचा मुलगा सुरतेला, सुनेशी झालेल्या भांडणापासून त्याने आईला फोनसुद्धा केला नव्हता. तिचे कान उघडे होते. कानातलं मोडून आणलेले पैसे तिने पदराच्या गाठीतून सोडले.

"हिलालभाऊ, कितला डबा लागतीन? मना पोऱ्याले येवाले?"

हिलालने पैशांकडे पाहिलं, मग आईकडे. भिकुबाई तानुबाईच्या पाठीवरून हात फिरवत होती, येई, येई म्हणत होती. पैसे परत करायचे तर कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं तर आईच्या एवढ्या दिवसांच्या आनंदावर पाणी पडणार. नुसतं गप्प राहिलं तरी भागणार होतं. आजवर गप्प राहूनच भागलं होतं.

"पैसा बांध, तानुमाय," तो म्हणाला. "हाई पावडरवर कोनी येत नही. माय, मी दीपकले कंपनीमा जोडाले बलावं व्हतं. दुसरं काहीच नही."

भिकुबाईचा हात तानुबाईच्या पाठीवरच थांबला. तिने दीपककडे पाहिलं.

"आन तू?"

"मी बी, मोठी माय," दीपक ताटात बघत म्हणाला.

म्हातारीने तानुबाईचे पैसे स्वतः पदराला बांधून दिले, तिला दारापर्यंत सोडलं, आणि येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. दीपक अर्ध्या ताटावरून उठून गेला.

ज्यांनी आईच्या शब्दावर पैसे भरले होते त्यांना हिलालने दुसऱ्या दिवसापासून फुकट दळून द्यायला सुरुवात केली. किती वर्षं दळावं लागेल, ह्याचा हिशेब ॲपमध्ये नव्हता. सरांचा फोन वाजत राहिला, त्याने उचलला नाही.

पुढच्या रविवारी भिकुबाईने खापर काढलं नाही. हिलालनेही विचारलं नाही. जेवणवेळ टळत आली तेव्हा दारात सावली पडली. दीपक उभा होता. बॅग नव्हती, डबा नव्हता. घरच्याच बनियनवर आला होता, आणि आत यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं.

भिकुबाईने ताट घेतलं. त्यात ज्वारीची भाकरी, कालची उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा वाढला.

"आज मांडा नही, मोठी माय?" दीपकने चाचरत विचारलं.

"मांडा पाव्हनासले," ती म्हणाली आणि पाट सरकवला. "घरना मानूसले भाकर. बठ."