माझ्या जिभेखालचं अक्षर

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो, आणि तोही डावा. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी सगळी गोष्ट डाव्या-उजव्याचीच आहे. माझा जोडीदार उजवा, स्वभावाने शांत. मी तसा नाही. कवायतीत 'तेज चल' म्हटलं की पहिलं पाऊल डावं पडतं, म्हणजे माझं. एवढ्या एका गोष्टीवर मी तेरा वर्षं टेचात काढली. नाड्यांच्या मागे मला चामड्याची जीभ आहे, पण बोलता येत नाही. त्यामुळे हे सगळं इतके दिवस पोटातच राहिलं.

आमची शिलाई उत्तरेकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाली. टाचेला लोखंडी नाल ठोकली, तळाला खिळे. मग पोत्यात कोंबून आम्हाला परळच्या एका मुलींच्या शाळेत आणलं, एनसीसीच्या खोलीत. मी चार नंबरचा. आठवीतल्या आकांक्षा नावाच्या मुलीच्या पायात बसलो.

पहिल्याच महिन्यात आकांक्षाने एक विचित्र गोष्ट केली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिने माझी जीभ उचलली आणि आतल्या बाजूला बॉलपेनने ठसठशीत 'बा' लिहिलं. जोडीदाराच्या जिभेवर 'दा'. मग घाईघाईने नाड्या आवळल्या. का लिहिलं ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. मी आपला विचार करून थकलो. शेवटी 'बा' म्हणजे बाप आणि 'दा' म्हणजे दादा, अशी समजूत करून घेतली. बापाचा मान दादापेक्षा मोठा, त्यामुळे ही समजूत मला फार आवडली.

ते दिवस मजेचे होते. दर शनिवारी मैदानावर परेड, परेड संपली की रांगेत बसून समोसा आणि केळं. समोशाचं तेल हमखास माझ्यावर सांडायचं. आमच्या शाळेत एक रीतही होती. दोन वर्षं संपली की जाणारी मुलगी बूट चकचकीत करून नव्या मुलीच्या हातात द्यायची. नवी मुलगी बुटाच्या टोकासमोर दात विचकायची. दात मोजता आले तरच बूट घ्यायचे, नाहीतर परत पॉलिश! तोवर माझ्यात चार मुलींनी दात मोजले होते.

मग टाळेबंदी आली आणि शाळाच बंद झाली. दोन वर्षं आम्ही पेटीत होतो, वर भूगोलाच्या नकाशांची गुंडाळी ठेवलेली. अंगावर पांढरी बुरशी चढली. शाळा उघडली तेव्हा आम्हाला पॉलिश करून सोपवणारं कुणी उरलं नव्हतं. पुढे मनवा धुरी आठवीत आली. चार नंबरचे दुसरे बूट नव्हते, म्हणून तिने नाक धरून आम्हाला उचललं. दात मोजायचा प्रश्नच नव्हता. मला त्या दिवशी लाज वाटली.

पण मुलगी एक नंबर! आवाज खणखणीत, पाठ ताठ. म्हणून नववीत गेल्यावर ट्रेसी मॅडमनी तिला सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी दर्शक नेमलं. ट्रेसी मॅडम भायखळ्याच्या, शाळेत भूगोल शिकवतात आणि एनसीसी सांभाळतात. दर्शक म्हणजे पहिल्या रांगेत अगदी उजव्या टोकाला उभी राहणारी कॅडेट. सगळी तुकडी तिच्यावरून आपली जागा धरते. मनवाने हे घरी सांगितलं, तेव्हा तिच्या आजोबांनी, रमाकांत धुरींनी, सव्वीस तारखेसाठी पांढरा सदरा इस्त्रीला टाकला.

आणि पहिल्याच सरावाला घोटाळा झाला. कवायत शिकवायला आलेले बटालियनचे उस्ताद ओरडले, "दाऽऽहिने मूड!"

या हुकुमाला उजवा बूट टाचेवर फिरतो आणि मग मी उचलला जाऊन त्याच्या शेजारी आपटतो. मी तयारीतच होतो. पण आपटला उजवा! मनवा डावीकडे वळली होती. शेजारची कॅडेट अपेक्षा बरोबर वळलेली, त्यामुळे दोघींची नाकं समोरासमोर आली.

"अरे दर्शक, दाहिना हाथ किधर है?" उस्तादांनी विचारलं. बाजूच्या मुलींनी उजवे हात हलवून दाखवले, तसा मनवानेही हलवला. पुन्हा हुकूम झाला, पुन्हा नाकाला नाक.

"मनवा, वर्षभर तर नीट वळत होतीस," ट्रेसी मॅडम म्हणाल्या. "आता काय झालं गं?"

उत्तर मला ठाऊक होतं. वर्षभर ती रांगेच्या मध्ये उभी राहायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारणीचं बघून वळायची. टोकाला आल्यावर बघणार कुणाकडे?

"पुढच्या शनिवारपर्यंत जमव. नाहीतर अपेक्षाला दर्शक करावं लागेल," मॅडमनी बजावलं.

आता मला खरं कुतूहल लागलं. ही मुलगी उजव्या हाताने जेवते. पीटीच्या तासाला 'राइट टर्न' म्हटलं की अचूक वळते. मग उस्तादांच्याच हुकुमाला हिचे पाय असे का करतात? मी जोडीदाराला विचारलं असतं, पण तो कसला बोलतोय!

रविवारी दुपारी लालबागच्या चाळीत, गॅलरीत उन्हाला बसून आजोबा आम्हाला खोबरेल लावत होते. ते हॉस्पिटलात तीस वर्षं लिफ्टमन होते. मनवा कठड्याला टेकून रडवेली उभी होती.

"माझ्या लिफ्टीक डावा-उजवा नव्हताच गो," आजोबा म्हणाले. "वर नायतर खाली. माका काय इचारतंस?" आत अजून उरलेली बुरशी पुसता पुसता त्यांनी माझी जीभ उचलली, ओलं फडकं लावलं आणि थांबले. "ह्या काय लिवलेला आसा? बा?"

माझा जीव फडक्यात अडकला. आणखी एकदा घासलं असतं तर अक्षर गेलंच होतं!

मनवाने वाकून बघितलं. मग उजव्याची जीभ उचलली. "दा," ती म्हणाली. "दा... बा... आजोबा! दाहिने, बाएँ!"

"म्हणजे?"

"उस्ताद 'दा' म्हणतात ना, मला ते डावंच ऐकू येतं. पुढचं ऐकायच्या आधी पाय वळलेला असतो. आणि हे कुणीतरी लिहून ठेवलंय!" तिने मला छातीशी धरलं, बुरशीसकट. "माझ्याआधी पण कुणीतरी हेच चुकलंय."

ती रडली, पण हसतसुद्धा होती. आपण एकटेच मठ्ठ नाही हे कळल्यावर माणसाला किती हलकं वाटतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. आणि माझं काय? तेरा वर्षं बाप म्हणून मिरवलो आणि निघालो नुसता बाएँ! थोडं वाईट वाटलं. पण आकांक्षा इकडेतिकडे का बघत होती, तेही आता उमगलं.

त्या आठवड्यात रोज नाड्या बांधताना मनवा एकेका पायाला हाक मारायची, "हा दा, हा बा." आजोबा म्हणायचे, पायांचा बारसा चलला हा. मग ते गॅलरीत उभे राहून हुकूम द्यायचे आणि ती वळायची.

शनिवारी 'दाहिने'च्या हुकुमाला दर वेळी मीच आपटलो. ट्रेसी मॅडमनी गुपित विचारलं, तेव्हा मनवाने सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. मग मागून एक हात वर झाला, मग दुसरा. नऊ मुली! सगळ्या शेजारणीचं बघून वळणाऱ्या. "अगं, मग एकीने तरी विचारायचं ना मला!" मॅडमनी कपाळाला हात लावला आणि स्वतःचं पेन काढून दिलं.

सव्वीस जानेवारीला पांढरा सदरा पहिल्या रांगेत बसला होता. "दाऽऽहिने मूड!" सगळ्या तुकडीचे डावे बूट एकदम आपटले. सर्वांत पुढे मी होतो.

आता मनवाची दोन वर्षं संपली. काल तिने मला असं घासलं की व्हायोला नावाच्या नव्या मुलीने माझ्यात दात मोजले. मग मनवाने माझी जीभ उचलली, पुसट झालेलं 'बा' पेनने गिरवलं, आणि व्हायोलाने विचारायच्या आधीच त्याचा अर्थ सांगितला. आकांक्षाला तेवढं सांगणं जमलं नव्हतं.

तेव्हा मित्रांनो, एक विनंती. जुनी वस्तू टाकण्याआधी, घासून पुसण्याआधी, ती जरा आतून बघा. तुमची अडचण तुमच्याआधी कुणाला तरी आलेली असते आणि कुणी तरी ती लिहून ठेवलेली असते. आम्हाला जीभ आहे, पण ती उचलायला तुमचा हात लागतो.