पात एक जुडी

रोझीच्या हातचं लाल सरबत आपण स्वतः करू, असं बेंजामिन साळवे चर्चमध्ये चारचौघांसमोर बोलून बसला होता.

शनिवारी रोझीला, त्याच्या बायकोला, जाऊन वर्ष होत होतं. मिरजगावातल्या घरी उपकारस्तुतीची भक्ती, म्हणजे प्रार्थनासभा, ठेवली होती आणि चाळीसेक माणसं येणार होती. रविवारी पाळकसाहेबांनी तशी सूचना वाचली तेव्हा हा मधेच उठला आणि म्हणाला, "भक्तीनंतर सरबत हाय. रोझीचं. बाटलीतलं न्हाई." लोकांनी माना डोलावल्या. घरी पोचेपर्यंत त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला चहासुद्धा धड जमत नाही.

त्याचा जन्म एसटीच्या स्टेअरिंगवर गेला होता. सरबत त्याला माहीत होतं ते ग्लासातलं. लग्न असो, बाप्तिस्मा असो, लोक आधी रोझीलाच विचारायचे, "लाल करनार ना?" डाळिंबाचा रंग, मोसंबीची आंबटगोड चव, आणि घोट गिळल्यावर मागून येणारा एक वास. तो कशाचा, हे बेंजामिननं अडतीस वर्षांत विचारलं नव्हतं. छान झालंय, असंही कधी म्हटलं नव्हतं. रिकामा ग्लास पुढे करायचा, ती भरायची. आता ते त्याला टोचत होतं. एकदा तरी तेच सरबत तिच्या नावानं लोकांच्या हातात द्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

पुण्याहून मुलीचा, ग्लोरियाचा, फोन आला.

"पप्पा, मी कोल्ड्रिंक सांगते. कशाला त्रास करून घेता? आणि जेनिफर म्हणते, आजीचं ते मॉकटेल होतं."

"कसलं टेल?"

"दारू नसलेलं कॉकटेल असतं ते."

"दारूच न्हाई तर सरबतच की मग," बेंजामिन म्हणाला. "तिला म्हनावं, ये प्यायला."

गुरुवारी त्यानं स्वयंपाकघराच्या दारामागचा कागद काढला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं रोझीनं स्वतःपुरतं लिहून ठेवलं होतं. डाळिंबं वीस. मोसंबी दहा. साखर दीड किलो. पुदिना मूठभर. काळं मीठ चवीला. पात एक जुडी, साखरेच्या पाण्यात उकळून गाळणे. आयत्या वेळी सोडा.

या भागात पात म्हटलं की कांद्याचीच. कुणाला विचारायची गरजच नव्हती. मात्र एप्रिलात ती सहज मिळेना. बाजारात हिंडून हिंडून शेवटी रंगुबाईच्या पाटीत एक कोवळी जुडी सापडली. घरी येताना त्याला एकदा वाटलं, सरबतात कांदा? पण रोझी उगीच काही घालणारी बाई नव्हती. तिनं लिहिलंय म्हणजे काहीतरी कारण असणार.

नमुन्यापुरतं थोडंच केलं. पात चिरली, साखरेच्या पाण्यात उकळली. घरभर वास सुटला. गार झाल्यावर जाईल, असं म्हणून त्यानं गाळून घेतलं, डाळिंबाचा रस घातला, मोसंबी पिळली. रंग अगदी बरोबर आला. ग्लास घेऊन तो पायरीवर बसला आणि एक घोट घेतला. भाजीच्या पाण्यात साखर घातल्यासारखं लागलं. तरी त्यानं ग्लास संपवला. आपलंच काही चुकलं असेल म्हणून दुसरा भरला, तोही संपवला.

तेवढ्यात शेजारची शकिला कुंपणापाशी आली. तिचा नवरा दाऊद फाट्यावर सोड्याची गाडी लावायचा.

"बेंजामिनभाऊ, पिठलं केलं का काय?"

"सरबत हाय."

शकिलानं त्याच्याकडं पाहिलं, मग आत येऊन घोटभर घेतलं आणि अंगणातल्या मोरीवर जाऊन थुंकली.

"यात काय घातलं तुमी?"

त्यानं कागद दिला. शकिलानं तो वाचला आणि पदर तोंडात धरून खालीच बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अवो, पात म्हंजे चहाची पात. गवती चहा. रोझीआक्का तिला नुसतं पात म्हनायची. ही काय इथंच हाय की."

तिनं मोरीकडं बोट केलं, आणि तिचं हसू थांबलं. मोरीच्या तोंडाशी वाळून पिवळा पडलेला एक गड्डा होता. शनिवारच्या आधी ते गवत उपटून टाकायचं बेंजामिननं ठरवलं होतं. रोझी तिथं भांडी घासायची, ते पाणी त्या गड्ड्याला जायचं. ती गेल्यापासून याचा डबा खानावळीतून यायचा. पावसाळा सरला तसं तिथं पाणी पडलंच नव्हतं.

"म्या वाळवली," तो म्हणाला.

"तुमाला कुठं ठाव हुतं."

"अडतीस वर्षं घरात हुती."

शकिला उठली. "चला माझ्याकडं."

तिच्या न्हाणीमागं छातीएवढा हिरवागार गड्डा उभा होता. "आक्कानंच दिलेला," ती म्हणाली. "झुंबरबाईकडं हाय, आप्पासाहेबांच्या मळ्यात हाय. मागंल त्याला मुळासकट द्यायची ती." तिनं विळ्यानं जुडी कापली, तिचीच एक पात भोवती गुंडाळून गाठ मारली. बेंजामिननं एक पान चुरगळून नाकाशी धरलं. तोच वास होता. तो तिथंच उभा राहिला. शकिला चुलीवर दूध आहे म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तो निघाला तेव्हा तिनं त्याला दोन फुटवे मुळासकट काढून दिले. शिवाय बजावलं, "डाळिंब मिक्सरला लावू नका, बी फुटलं की कडू हुतं. फडक्यात बांधून पिळायचं."

शुक्रवारी ग्लोरिया आणि जेनिफर आल्या. तिघांनी मिळून डाळिंबं सोलली. जेनिफरनं मिक्सरला हात घातला तेव्हा बेंजामिननं धुतलेलं स्वच्छ फडकं काढून तिच्यापुढं ठेवलं. शनिवारी दाऊदनं सोडा आणून दिला.

भक्ती झाली. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का, देवाचे उपकार मानून दोन शब्द बोलायचे आहेत का. बेंजामिननं आजवर कधी दिली नव्हती. तो उठला.

"मी आधी कांद्याची पात घातली हुती."

लोक हसले. दारात उभी असलेली शकिलाही हसली.

"आनि दोन ग्लास प्यालो. रोझीनं लिहिलंय म्हनून."

आता सगळेच मोठ्यानं हसले. तो थांबला.

"ती लई छान करायची. तिला कधी बोललो न्हाई, ते आज देवासमोर बोलतो. आनि तिची पात ज्यांनी ज्यांनी जगवली, त्यांचे उपकार." एवढं बोलून तो बसला.

मग ग्लास फिरले. आप्पासाहेबांनी एका दमात संपवला आणि काही न बोलता रिकामा ग्लास बेंजामिनपुढं धरला.

"आधी छान झालंय म्हना," बेंजामिन म्हणाला. "मग भरतो."

"छान झालंय, बाबा."

त्यानं काठोकाठ भरला.

माणसं गेल्यावर ग्लोरिया खरकटे ग्लास आतल्या सिंककडं न्यायला लागली. बेंजामिननं तिच्या हातातला ट्रे घेतला.

"आत नको," तो म्हणाला. "बाहेर मोरीवर धुऊ. तिथं कालच पात लावलीय, पानी पायजे तिला."